घट कुणीकडे झुकला

आमच्या घरात कुठलीही मोठी गोष्ट ठरवायची असली की ती नवरात्रापर्यंत लांबणीवर पडायची. विहीर खोल करायची का, बैल बदलायचा का, रब्बीला शाळू जास्त पेरायचा का हरभरा, सगळं आबा घटाला विचारायचे. आबा म्हणजे माझे वडील. माणूस इतका भिडस्त, की दुकानदाराने दोन धोतरं समोर टाकली तर "तुमीच द्या त्यातलं एक" म्हणणार आणि तो देईल ते नेसणार. घटाची रीत मात्र त्यांनी कधी चुकवली नाही. पत्रावळीवर शेतातली काळी माती चाळून पसरायची, चार बाजूंना चार धान्यं पेरायची आणि मधोमध पाण्याने भरलेला मातीचा घट ठेवायचा. तो घट पाझरत राहायचा आणि त्या ओलीवर धान उगवायचं. दसऱ्यापर्यंत ज्या बाजूचं धान जोमाने वाढेल, ते पीक त्या साली जास्त पेरायचं. पुढे मी वनस्पतिशास्त्र शिकवण्यात आयुष्य घालवलं, तेव्हा लक्षात आलं की बियाणं पारखायची ही पद्धत तशी काही वाईट नव्हती. पण विहीर खोल करायची का, हे बिचाऱ्या करडईला कसं कळणार, हा प्रश्न आबांना कधी पडला नाही.

घट बसायचा तो आतल्या खोलीत. त्या खोलीच्या एका अंगाला धान्याच्या कणग्या होत्या आणि दुसऱ्या अंगाला देव्हारा. दक्षिणेच्या भिंतीत वर एक झरोका होता, ताटाएवढा, आणि खोलीत जो काही उजेड यायचा तो तिथूनच. उत्तरेलाही एक खिडकी होती, पण मांजर आत येऊन दूध पितं म्हणून आईने तिला फळी ठोकून ती कायमची बंद केली होती. नवरात्रात त्या खोलीला एक वेगळाच वास यायचा, ओल्या मातीचा, तेलाच्या वातीचा आणि तरवडाच्या फुलांचा. तरवडाची पिवळी फुलं बांधावर फुकट मिळायची. ती आणायचं काम माझं आणि त्यांची माळ ओवायचं काम आत्याचं. घटावर रोज एक माळ चढायची, त्यामुळे आमच्याकडे त्या दिवसांत तारीख कुणी विचारत नसे, कितवी माळ एवढंच विचारत. पहाटे रस्त्याने तुळजापूरला चालत निघालेली माणसं जायची, त्यांचा उदो उदो ऐकू आला की आई चुलीवर चहा ठेवायची आणि ओट्यावर बसून त्यांना पाजायची. उपवास सगळ्यांना असायचे, पण आईच्या हातची भगर आणि शेंगदाण्याची आमटी अशी असायची की उपवास संपूच नये असं मला वाटायचं. अजूनही मी नवरात्रात उपवास धरते तो बहुतेक त्या आमटीसाठीच. देवीला हे ठाऊक असणारच.

मी तेव्हा कळंबच्या शाळेत दहावीला होते. एसटीने जायचं, एसटीने यायचं, आणि एसटी आली नाही तर फाट्यावर बसून वाट बघायची. आमचे विज्ञानाचे सर अंगाने किडकिडीत होते, पण प्रयोग करायला लागले की त्यांना भान राहायचं नाही. नवरात्राच्या थोडं आधी त्यांनी जास्वंदाची एक कुंडी अंधाऱ्या खोलीत ठेवली, मग एका पानावर काळ्या कागदाची पट्टी लावून ती दिवसभर उन्हात ठेवली. ते पान तोडून आधी उकळत्या पाण्यात आणि मग गरम स्पिरिटमध्ये बुडवलं, तेव्हा त्याचा सगळा हिरवेपणा उतरून ते पांढरंफटक पडलं. वर आयोडीनचे थेंब टाकले आणि पान निळंकाळं झालं. पट्टीखालची जागा तेवढी तशीच राहिली. "जिथं उजेड पोचला नाही तिथं स्वयंपाक झाला नाही," सर म्हणाले. मग त्यांनी फळ्यावर सगळं मांडलं. मुळं पाणी आणतात, पान हवेतून कर्बवायू घेतं, आणि पानातलं हरितद्रव्य उन्हाला पकडून ठेवतं. त्या उन्हाच्या बळावर पाणी आणि वायू यांची साखर होते, उरला प्राणवायू तो पान बाहेर सोडून देतं, आणि आपण तो आयता घेतो. साखर लागेल तशी वापरायची, बाकीचं पीठ करून साठवायचं. वर्गातल्या बाकीच्या मुली वहीत उतरवून घेत होत्या. मी नुसती बघत बसले होते. ऊन धरून ठेवता येतं, ही गोष्ट मला तोवर कुणी सांगितलीच नव्हती. मला त्या दिवशी इतका आनंद झाला की एसटीत उभं राहायला लागलं तेही मला कळलं नाही.

घरी आल्यावर मी आईच्या मागे लागले. ती भाकरी थापत होती. म्हटलं, "आई, ह्या भाकरीत ऊन हाय."

"असंल. चटका तर बसायलाय," आई म्हणाली.

मग मी तिला सगळं समजावून सांगितलं, पान, पाणी, वायू, साखर. तिने परातीतला हात न थांबवता ऐकून घेतलं आणि म्हणाली, "झाडाचं बरंय की मग. धूर न्हाय, फुकणी न्हाय, सरपण न्हाय." तव्यावरची भाकरी तिने उलटली, आणि मग तिने मला विचारलं, "आन मग घटातल्या धानाला कुठलं ऊन? तिथं तर आंधार. ते काय खाऊन वाढतंय?"

दुसऱ्या दिवशी सरांना विचारलं, तर सर खुर्चीतून उठलेच. बी नुसतं बी नसतं, म्हणाले, आईझाडाने त्याच्यासोबत खाणं बांधून दिलेलं असतं, मागच्या सालचं ऊनच ते. कोंब त्यावर जगतो, आणि अंधारात असला तर उजेड शोधण्यासाठी भराभर उंच होतो. हिरवा व्हायला मात्र उजेडच लागतो, म्हणून घटातलं धान पिवळं राहतं. उजेड एकाच बाजूने आला तर कोंब तिकडेच झुकतो. "प्रश्न कुणाचा?" सरांनी विचारलं. मी म्हटलं, आईचा. आईला हे सांगितलं, आणि त्या रात्री मला जेवताना तिने लोण्याचा गोळा जरा मोठा वाढला.

आता आत्याबद्दल सांगायला हवं. आबांची ही थोरली बहीण, दर नवरात्रात उमरग्याहून माहेराला यायची. येताना फडक्यात बांधून शेंगापोळ्या आणायची, दसऱ्यानंतर खायला, आणि नऊ दिवस त्यांच्याकडे बघत आम्ही उपवास करायचो. आवाज खणखणीत. पहाटे आरती म्हणायला लागली की शेजारच्या गल्लीतली माणसं उठून बसत. तिला मूलबाळ नव्हतं आणि माझ्यावर तिचा फार जीव. माझी वेणी तीच घालणार, माझ्या परकराला टीप तीच मारणार. त्या वर्षी ती आली ती माझ्यासाठी स्थळ घेऊन. तिच्या दिराचा मुलगा, हायवेला ट्रकच्या टायरांचं दुकान, माणसं चांगली, मागणं काही नाही. तुळशीचं लग्न झालं की बार उडवून द्यायचा. म्हणजे दहावीची परीक्षा यायच्या आत. "पोरगी माझ्या डोळ्यांसमोर ऱ्हाईल," आत्या म्हणाली, आणि हे म्हणताना तिचे डोळे भरून आले. तिच्या एवढ्या मोठ्या घरात तिच्याशी बोलायला कुणी नव्हतं, हे मला आता कळतं. तेव्हा मला फक्त शाळा सुटणार एवढंच दिसत होतं आणि मी दिवसभर कुणाशी धड बोलत नव्हते.

आबांचं नेहमीचंच. आत्याला नाही म्हणवत नव्हतं आणि माझ्या तोंडाकडे बघवत नव्हतं. म्हणाले, "घट बसलाय. देवी काय म्हणती ते बघू. दसऱ्याला पावणे सोनं द्यायला येतील, तवा काय ते सांगू." झालं, सगळं घटावर गेलं.

पाचव्या माळेच्या सकाळी आत्या माळ चढवायला गेली आणि तिथेच थबकली. "किसन, हिकडं ये," तिने आबांना हाक मारली. आम्ही सगळेच गेलो. धान बोटभर उंच झालं होतं, फिकट पिवळं, आणि गहू असो की शाळू, सगळेच्या सगळे कोंब दक्षिणेकडे कलले होते. आत्याने हात जोडले. "बघ. समदं धान उमरग्याकडं बघायलंय. आता आनिक काय कौल पाहिजे तुला?"

आबांनी टोपी काढून नमस्कार केला. खरं तर दर वर्षी ते धान तिकडेच कलत असणार. पण आम्ही आजवर फक्त कुठलं उंच झालं ते पाहत आलो होतो, कुणीकडे कललं ते पाहायचं कुणाला कारणच पडलं नव्हतं. माझ्या मात्र डोक्यात लख्ख झालं. मी वर बोट केलं. "आत्या, ते झरोक्याकडं कललंय. उजेडाकडं. आमच्या सरांनी सांगितलंय."

"आन उजेड कुणाचा हाय? देवीचाच न्हवं?" आत्या म्हणाली.

याला उत्तर मला आजही सापडलेलं नाही. तेव्हा मी नुसती रागाने लाल झाले. पत्रावळ अर्धी फिरवून ठेवली असती तर दोन दिवसांत सगळं दिसलं असतं, पण घट एकदा बसला की तो दसऱ्यापर्यंत जागचा हलवत नाहीत, त्याला धक्कासुद्धा लागू देत नाहीत. तेवढी अक्कल मला होती. तेवढ्यात आई मागून म्हणाली, अगदी भाजीत मीठ कमी आहे असं सांगावं तसं, "घटाला हात न्हाय लावायचा. झरोका झाकून बघा की. आन ती उत्तरंची खिडकी उघडा. वच्छी म्हणतीय ते तरी कळंल." वच्छी म्हणजे मी.

आत्या तयार झाली. तिला खात्री होती. "झाका की. देवीला झरोका लागत न्हाय." आबांनाही बरंच वाटलं असावं, कारण निर्णय आणखी पुढे गेला होता. त्यांनी शिडी लावून झरोक्यात घोंगडं कोंबलं आणि पहारीने उत्तरेच्या खिडकीची फळी उचकटली. कित्येक वर्षांची धूळ खाली आली. मग त्या खोलीत उलट्या बाजूने उजेड शिरला आणि कणग्यांमागची जळमटं दिसायला लागली, तशी आई लगेच झाडू घेऊन आली.

तो दिवस मी कसा काढला ते माझं मला माहीत. पुस्तकात लिहिलं होतं, सरांनी सांगितलं होतं, पण मी स्वतः कधी पाहिलेलं नव्हतं. आमच्या देवघरातलं धान पुस्तकाप्रमाणे वागेल याची हमी कोण देणार? पाणी घालायच्या निमित्ताने मी आत जात होते आणि आत्या मला बाहेर काढत होती. "सारखं सारखं बघू नगंस. लाजंल ते." पुढे महाविद्यालयात मुलींना प्रयोग करायला लावायचे तेव्हा एखादी दर पाच मिनिटांनी जाऊन बघायला लागली की मला आत्याचं हे बोलणं आठवायचं, आणि मी तिला अडवायचे नाही.

दुसऱ्या दिवशी आरतीच्या वेळी पाहिलं तर धान वळलं होतं. पण मला वाटलं होतं तसं सगळंच्या सगळं नव्हे. बुडाचा भाग वाढून घट्ट झालेला होता, तो तसाच दक्षिणेकडे कललेला राहिला होता. वरचे कोवळे शेंडे तेवढे उत्तरेकडे फिरले होते. खिडकीच्या अंगाला पेरलेल्या गव्हाच्या टोकांना किंचित हिरवी झाक आली होती. सगळं खरं होतं. ते हिरवं झालेलं टोक आता स्वतः रांधायला लागलं होतं, माझ्या डोळ्यांदेखत, आमच्या खोलीत.

आत्या त्या धानावर वाकली. ती आरती म्हणायचीही विसरली. मग हळूच म्हणाली, "सासरला निघालेली पोर गाडीतनं मागं वळून बघती, तसं बघायलंय गं हे." पदराने डोळे पुसले. "व्हय किसन. देवीला पोरगी एवढ्यात धाडायची न्हाय. उत्तरंला कळंब. शाळा. देवीनं सांगितलं, आता माझं काय चालतंय? मी सांगते दिराला, कौल मिळाला न्हाय म्हणून."

आबांनी केवढा तरी श्वास सोडला. आईच्या चेहऱ्यावर मी क्वचित पाहिलेलं हसू आलं. मी नुसती गप्प बसले असते तरी चाललं असतं. माझी शाळा वाचली होती, आत्याचा मान राहिला होता, पाहुण्यांनाही राग येणार नव्हता, कारण देवीच्या कौलावर कोण रागावणार? पण माझा स्वभाव मेला असा, की पेपरात चूक उत्तराला गुण मिळाले तरी उठून सरांकडे जाणारी मी. जे उत्तर मी कालपर्यंत चूक म्हणत होते तेच आज माझ्या बाजूने लागलं म्हणून बरोबर कसं म्हणायचं? ते माझ्याने होईना.

"न्हाय आत्या," मी म्हटलं. "देवीनं काय सांगितलं न्हाय."

आईने माझ्याकडे असं पाहिलं की एरवी मी तिथून पळाले असते.

"झरोका परत उघडा," मी म्हटलं, "परवापर्यंत पुन्हा उमरग्याकडं वळंल. मग काय म्हणायचं, देवीनं पुन्हा मन बदललं? काल मी न्हाय म्हणत हुते, मग आज व्हय कसं म्हणू?"

"मग देवी काय म्हणती?" आत्याने विचारलं. तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं.

"मला न्हाय ठाऊक. हे धान एवढंच सांगतंय, उजेड कुठनं येतोय."

बाहेरच्या रस्त्याने माणसं उदो उदो करत चालली होती, तेवढा आवाज येत राहिला. आबा कणगीला टेकून खाली बसले. मला वाटलं, आता संपलं. हातातोंडाशी आलेला घास मी स्वतःच टाकला होता. आता आबा नेहमीसारखे आत्याकडे बघणार, आत्या म्हणेल तसं होणार, आणि मी टायरांच्या दुकानाच्या मागच्या घरात भाकऱ्या थापणार. खरं सांगायचं तर मला तेव्हा रडू येत होतं आणि स्वतःचाच राग येत होता.

"म्हंजे आता आपल्यालाच ठरवावं लागंल," आबा म्हणाले. हे ते कुणाला उद्देशून म्हणाले नाहीत. टोपी काढून त्यांनी गुडघ्यावर ठेवली, तिच्याकडे पाहत राहिले. मग वर बघितलं, आत्याकडे नव्हे, आईकडेही नव्हे. "वच्छे, तुला काय पाहिजे?"

त्या घरात मला दही हवं का ताक, हे रोज विचारत होते. पण असं कुणी विचारलं नव्हतं, आणि मलाही ते कुणी विचारायचं असतं हे माहीत नव्हतं. शेवटी कसंबसं म्हटलं, "मला शिकायचंय आबा. लई शिकायचंय."

आबांनी मान हलवली, बस. आत्या त्या दिवशी माझी वेणी घालताना नेहमीपेक्षा ओढून घालत होती, पण घातली तिनेच. संध्याकाळी तिने आबांना बाजूला घेऊन समजावलं, की पाहुण्यांना कौलाचंच सांग, कुणाचं मन मोडणार नाही, पोरीच्या मनाचं सांगितलंस तर नावं ठेवतील. तिचं बरोबरच होतं. आबांना असं आडून सांगणंच आयुष्यभर जमत आलं होतं, आणि मीही मनातल्या मनात धरून चालले होते की ते तसंच सांगणार.

दसऱ्याला पाहुणे आले. घरोघरी माणसं सोनं घेऊन फिरत होती, प्रत्येकाच्या टोपीत घटातलं धान खोवलेलं. आबांच्या टोपीत मी खोवलं होतं, त्यातली टोकं हिरवी होती म्हणून शेजारच्यांनी चेष्टाही केली. पाहुण्यांनी आपट्याची पानं दिली, घेतली. आईने पाट मांडले, आत्याच्या शेंगापोळ्या निघाल्या, त्यांच्यावर तूप पडलं. आत्याचे दीर दांडगे, मोठ्या मिशांचे, हसतमुख. जेवण झाल्यावर पान लावता लावता त्यांनी विषय काढला. आत्या दाराच्या चौकटीला धरून उभी होती. मी आत, भिंतीच्या मागे.

"मग, काय म्हणतीय देवी?" दीर म्हणाले.

आबांनी डोक्यावरची टोपी सारखी केली. मग म्हणाले, "देवीचं न्हाय सांगत. पोरगी शिकायचं म्हणतीय."

पान लावणारा हात थांबला असावा, कारण अडकित्त्याचा आवाज बंद पडला. "पोरगी म्हणतीय?" दीर म्हणाले. हसण्यावारी न्यायचं का रागवायचं, हे त्यांचं ठरत नव्हतं. "तुमी पोरीला इचारलं व्हय?"

आमच्या आबांना कुणाशी वाद घालताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि त्यानंतरही नाही. तेव्हाही त्यांनी आवाज चढवला नाही.

"व्हय," ते म्हणाले. "इचारलं."